लंडनच्या युद्धसंग्रहालयात ‘फोर्टीज नाइट’: पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसासाठी

लंडनला येऊन मला वर्षही झालं नव्हतं. ऑफिसातल्या मैत्रिणीनं विचारलं, “शुक्रवारी फोर्टीज नाइट आहे, येतेस?” मला वाटलं, चाळिशी उलटलेल्या बायकांचं काहीतरी असेल, आणि मी जरा फुरंगटूनच बसले. मग कळलं की फोर्टीज म्हणजे १९४० चं दशक. दुसऱ्या महायुद्धावरच्या एखाद्या संग्रहालयात संध्याकाळी सगळ्यांनी त्या काळचे कपडे घालून जमायचं, बँड ऐकायचा, नाचायचं आणि मधूनमधून संग्रहालयही पाहायचं.

मी गेले आणि बऱ्याच चुका केल्या. त्यानंतर पुन्हा दोनदा गेले. पहिल्या वेळी मला कुणी सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहिलं आहे.

१. आधी जागा समजून घ्या, मग तारीख बघा

ब्रिटनमध्ये युद्धसंग्रहालयं बरीच आहेत आणि प्रत्येकाची संध्याकाळ वेगळी असते. डक्सफर्ड म्हणजे जुना हवाई तळ, त्यामुळे तिथे मोठे हँगर आणि मोकळी जागा. एचएमएस बेलफास्ट ही थेम्सवर नांगरलेली युद्धनौका, तिथे उभ्या शिड्या. ब्लेचली पार्कमध्ये जर्मन सांकेतिक संदेश फोडले जात. ते लंडनबाहेर आहे, त्यामुळे परतीच्या गाडीचा विचार आधी करायचा.

माझी पहिली संध्याकाळ चर्चिल वॉर रूम्समध्ये गेली. चर्चिलचं मंत्रिमंडळ युद्धकाळात जिथून काम करी ते, वेस्टमिन्स्टरला सरकारी इमारतीच्या पोटात असलेलं हे तळघर २७ ऑगस्ट १९३९ ला, म्हणजे युद्ध पुकारलं जाण्याच्या आठवडाभर आधी, कामाला लागलं. युद्ध संपल्यावर १६ ऑगस्ट १९४५ ला तिथले दिवे मालवले गेले. सामान्य लोकांसाठी ते १९८४ मध्ये उघडलं. यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. जागा जमिनीखाली आहे आणि बोळ अरुंद आहेत. घोळदार घागरा, मोठी पर्स आणि बंद जागेची भीती यांतलं काहीही बरोबर असेल तर आधीच विचार करा. चालण्याचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल तर लिफ्टची चौकशी तिकीट काढण्यापूर्वी करा.

२. तिकीट काढताना चार ओळी नीट वाचा

वेशभूषा सक्तीची आहे की ऐच्छिक, वयाची अट काय (बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण), तिकिटात खाणं-पिणं धरलं आहे का, आणि सगळी दालनं उघडी राहणार का, हे चार प्रश्न. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. संध्याकाळी काही वेळा थोडाच भाग खुला असतो आणि माणूस “संग्रहालय पाहू” म्हणून जातो, तो फक्त बार पाहून परत येतो.

तिकीट फोनवर येतं. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तळघराच्या दारात नेटवर्क शोधत, मागे फर कोट घातलेल्या वीस जणांची रांग खोळंबवत मी उभी होते. तो प्रसंग तुमच्यावर येऊ नये.

३. कपडे: आजीचा जुना फोटो शोधा

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. ‘व्हिंटेज’ म्हटल्यावर माझ्या डोक्यात आपली ‘रेट्रो पार्टी’ आली. ठिपक्याठिपक्यांचा घट्ट कुर्ता, फुगवलेले केस, काजळाची लांब शेपटी असा थाट करून गेले. ते सगळं साठ-सत्तरच्या दशकातलं. बाकीचे १९४२ मध्ये आणि मी एकटी १९७० मध्ये. कुणी काही बोललं नाही, पण इंग्रज लोक काही बोलत नाहीत तेव्हाच जास्त बोलत असतात.

त्या काळचा कपडा कसा होता हे एका आकड्यावरून कळतं. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांना रेशन लागलं आणि पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं मिळाली. लोकरीच्या एका फ्रॉकला ११ आणि पुरुषांच्या अख्ख्या सुटाला २६ कुपनं जात. म्हणून बाह्या बेताच्या, घेर बेताचा, झगा गुडघ्याशी संपलेला. काही काळ तर पुरुषांच्या पँटला खाली दुमडपट्टी ठेवायलाही बंदी होती. तेव्हा चकमक, टिकल्या, घेरदार गाऊन हे सगळं बाद. जुन्या कपड्यांच्या दुकानात ‘सीसी४१’ असा शिक्का असलेला कपडा दिसला तर तो सरकारी मापदंडाने बनलेला, युद्धकाळातला किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतला खरा कपडा. तो शिक्का चीजच्या दोन चकत्यांसारखा दिसतो. पण महाग असतो आणि शिवणी जीर्ण झालेल्या असतात. नाचायला जायचं असेल तर तो घेऊ नका, चॅरिटी शॉपमधला, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातला, साधा, कमरेला पट्टा असलेला सुती फ्रॉक पुरे.

आता आपली गोष्ट. दुसऱ्या वेळी मी साडी नेसून गेले. आईला फोन करून आजीचा त्या काळातला फोटो मागवला. गिरगावातल्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला पडदा, हात खुर्चीवर. तिच्या पोलक्याच्या बाह्या फुग्याच्या, कोपरापर्यंत आलेल्या. लंडनच्या बायकांचे त्या वर्षांतले फोटो शेजारी ठेवा, खांदे तेच! शिंपी गिरगावातला असो की लंडनमधला, फॅशनला समुद्र आडवा येत नाही.

तेव्हा साडी नेसायची तर:

- सुती किंवा साधी रेशमी, बारीक काठांची. इरकल उत्तम. नायलॉन, पॉलिस्टर, जॉर्जेटवरची टिकल्यांची कलाकुसर नको.
- पोलकं फुग्याच्या बाह्यांचं, पाठ झाकलेली. गळ्यामागे नाड्या-लटकन नकोत.
- नाचायचं असेल तर नऊवारी, काष्टा घालून. गोल साडी नेसलात तर निऱ्या घोट्याच्या वर राहतील अशा खोचा आणि पदराला दोन पिना लावा.
- आत पातळ थर्मल. फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टरचा वारा पोलक्याची फॅशन बघत नाही.

साडी तिथे ‘चालेल का’ असा संकोच मलाही होता. तो गेला एका फोटोमुळे. ३ जून १९४३ रोजी स्कॉटलंडमधल्या रोझाइथ इथे काढलेल्या त्या फोटोत नौदलाच्या महिला शाखेतल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन आहेत. ब्रिटनच्या भेटीवर आलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला सैनिक, आणि अंगावरचा गणवेश म्हणजे साडीच. इंपिरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात तो आहे. फोनवर ठेवा. कुणी “पण ही वेशभूषा फोर्टीजची आहे का?” असं विचारलंच, तर उत्तर खिशात असलेलं बरं.

पुरुषांचं सोपं आहे. उंच कमरेची सैल पँट, वेस्टकोट, टाय, बेल्टऐवजी गॅलिस, हॅट. किंवा बाबासाहेबांचे १९४२ नंतरचे, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असतानाचे सुटातले फोटो बघा. त्याहून चांगला नमुना मला माहीत नाही. माझा नवरा धोतर, काळा कोट आणि काळी टोपी घालून आला होता. अर्ध्या लोकांना तो कारकून वाटला, अर्ध्यांना संस्थानिक. त्याला दोन्ही आवडलं.

केसांसाठी त्या काळची खूण म्हणजे ‘व्हिक्टरी रोल’, कपाळावरचे केस दोन बाजूंना गुंडाळून पिनांनी पक्के करायचे. यूट्यूबवर पाच मिनिटांत होतो, घरी पन्नास लागतात. वीस-पंचवीस केसांचे आकडे लागतातच. त्यापेक्षा मानेवर सैल अंबाडा आणि एक फूल हे त्या दशकाला तितकंच शोभतं.

४. काय घालायचं नाही

जर्मन किंवा जपानी गणवेश नको, नकली बंदूक किंवा पिस्तूल नको. बहुतेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात आणि ते रास्तच आहे. ब्रिटिश सैन्याचा गणवेशही टाळा. सैन्यात नसताना तो मिरवण्याबद्दल इथे १८९४ चा कायदा आहे. नाटकाला सूट असते, पण तुम्ही नाटकात नाही. घरात पणजोबांची पदकं असतील तर ती लावता येतात, पण उजव्या छातीवर. डावी बाजू ज्यानं मिळवली त्याची.

आणि खास आपल्यासाठी एक सूचना: स्वस्तिक. साडीच्या काठात, बटव्यावरच्या भरतकामात, गळ्यातल्या लॉकेटमध्ये, आपल्या लक्षातही येत नाही इतकं ते आपल्याकडे सहज असतं. माझ्याकडे लग्नातला मोत्यांचा बटवा होता, कडेनं बारीक स्वस्तिकांची नक्षी. निघताना नवऱ्यानं पाहिला म्हणून बरं. आपलं चिन्ह किती हजार वर्षांचं, हे दारातल्या रक्षकाला समजावत बसण्याची ती जागा नाही. ज्या शहरावर बॉम्ब पडले तिथे ते चिन्ह पाहून एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात काय होईल, एवढा विचार केला तरी पुरे. बटवा घरी ठेवा.

५. बरोबर काय न्यायचं

- तिकिटाचा स्क्रीनशॉट
- वयाचा छापील पुरावा. इथे नवे लोक अडकतात. आता व्हिसा ऑनलाइन असतो, हातात कार्ड नसतं. पण बारवर पंचविशीच्या आतले दिसलात तर ओळखपत्र मागतात, आणि ऑनलाइन व्हिसा तिथे कामाचा नाही. रोज पासपोर्ट घेऊन फिरण्यापेक्षा शिकाऊ ड्रायव्हिंग लायसन्स काढून ठेवा, गाडी शिकायची नसली तरी.
- विद्यार्थी सवलतीनं तिकीट घेतलं असेल तर ते कार्ड
- जास्तीचे आकडे आणि चार सेफ्टी पिना
- सपाट, चामडी तळव्याचे बूट. रबरी तळवा नाचताना जमिनीला चिकटतो आणि गुडघा पिरगळतो.
- रुमाल

मोठी बॅग आणू नका. तपासणीला वेळ जातो, आणि अरुंद बोळात तीच बॅग प्रत्येकाला लागते.

६. पोचताना

वॉर रूम्ससाठी वेस्टमिन्स्टर किंवा सेंट जेम्सेस पार्क स्टेशनला उतरा. प्रवेशद्वार ज्या पायऱ्यांपाशी आहे त्यांचं नाव क्लाइव्ह स्टेप्स, आणि वर उभा आहे रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा. होय, तोच प्लासीवाला! चर्चिलच्या तळघरात शिरायला क्लाइव्हच्या पायांखालून जायचं, हे लंडनच करू जाणे.

दुपारी वेळ असेल तर तासभर आधी निघा आणि हाइड पार्क कॉर्नरजवळच्या मेमोरियल गेट्सपाशी जाऊन या. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधून दोन्ही महायुद्धांत लढलेल्यांचं हे स्मारक २००२ मध्ये उभं राहिलं. शेजारच्या छत्रीच्या, म्हणजे घुमटाच्या छोट्या मंडपाच्या, आतल्या बाजूला व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस ही शौर्यपदकं मिळवणाऱ्यांची नावं आहेत. तिथून बाग ओलांडत चालत संग्रहालयाकडे येता येतं.

७. आत गेल्यावर: बार नंतर, खोल्या आधी

पहिल्या अर्ध्या तासात सगळे पेय घ्यायला गर्दी करतात. त्या वेळी खोल्या रिकाम्या असतात. तेव्हाच पाहून घ्या. पेला हातात घेऊन कुठवर जाता येतं हेही विचारून ठेवा, कारण त्यातलं बरंचसं सामान खरं, तेव्हाचंच आहे.

सगळ्यात आधी नकाशा खोली. इथे युद्धाच्या काळात दिवसरात्र माणसं बसत. भिंतीवरच्या अटलांटिकच्या नकाशात जहाजांचे तांडे जिथून गेले तिथे टाचण्यांची इतकी भोकं आहेत की कागद चाळणी झाला आहे. इथल्याच एका अधिकाऱ्याच्या टेबलात कितीतरी वर्षांनी एक पाकीट सापडलं, त्यात रेशनच्या साखरेचे तीन तुकडे. त्यानं ते कुणी पळवू नयेत म्हणून लपवले होते. मला अख्ख्या संग्रहालयात तेच सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. गिरगावात आजीही साखरेचा डबा कुलपात ठेवायची. मुंबईतही १९४३ पासून रेशन होतं, खिडक्यांना काळे कागद होते, आणि १४ एप्रिल १९४४ ला गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला तेव्हा घरातली सगळी भांडी फळीवरून खाली आली, असं ती सांगायची.

मग ती छोटी खोली, जिच्या दारावर शौचालयासारखी खूण होती. लोकांना वाटे, साहेबांचं खासगी शौचालय. आत होता अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांशी बोलायचा गुप्त टेलिफोन. आणि एक हवामानाची पाटी: वर बॉम्बवर्षाव जोरात असला की विनोदानं तिच्यावर ‘वारा सुटला आहे’ असं लावत. तळघरात दिवसचे दिवस सूर्य न बघता टायपिंग करणाऱ्या मुलींना दिव्याखाली ऊन खायला बसवत.

मंत्रिमंडळाच्या खोलीपाशी मात्र मी थांबले ते वेगळ्या कारणानं. युद्धकाळात इथे ११५ बैठका झाल्या. चर्चिलच्या खुर्चीच्या हातांवर त्याच्या नखांचे आणि अंगठीचे ओरखडे आहेत, ते सगळे कौतुकानं बघतात. मला आठवला १९४३ चा बंगालचा दुष्काळ. वीस ते तीस लाख माणसं गेली, आणि धान्याच्या जहाजांसाठी लंडनकडे पुन्हा पुन्हा मागणी होऊनही पुरेशी जहाजं मिळाली नाहीत. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवरच्या सभेनंतर काँग्रेसचे प्रमुख नेते तुरुंगात टाकले, तेही याच सरकारनं.

मग अशा ठिकाणी जाऊन नाचायचं का? माझ्या एका काकांना हे अजिबात पटलेलं नाही. मी जाते, पण ते विसरून जात नाही. तुम्हाला अस्वस्थ वाटलं तर ते लपवण्याची गरज नाही. तिथल्या स्वयंसेवकांना नीट प्रश्न विचारा, माझा अनुभव असा की ते टाळत नाहीत.

गप्पांत कुणीतरी हमखास म्हणेल, “भारतही युद्धात होता का?” रागावू नका. आकडा सांगा: २५ लाखांच्या आसपास, सगळे स्वेच्छेनं भरती झालेले. दोन नावंही सांगा. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. मी हे सांगितलं तेव्हा समोरच्या गृहस्थानं हॅट काढली. नाटकी होतं थोडं, पण हॅट होती म्हणून काढता आली.

८. नाच

सुरुवातीला बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासाची शिकवणी असते. ती चुकवू नका, कारण नंतर सगळे जोरात असतात. शिकवतात तो बहुधा लिंडी हॉप किंवा त्याचा सोपा प्रकार. हा नाच न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीय तरुणांचा. अमेरिकन सैनिक १९४२ पासून ब्रिटनमध्ये आले आणि त्यांच्याबरोबर तो इथल्या नाचघरांत पसरला.

शिकवणारी बाई “टेन्शन ठेवा, टेन्शन ठेवा” म्हणत होती आणि मला आधीच पुष्कळ होतं. मग कळलं, तिला हातांतला ताण म्हणायचंय. फुगडी आठवा. हात घट्ट आवळायचे नाहीत, आणि सोडायचेही नाहीत. दोघांनी मागे झुकायचं, समोरच्याच्या वजनावर आपलं वजन तोलायचं. हे एकदा अंगात आलं की निम्मं काम झालं. ज्या बाईनं मंगळागौर जागवली आहे तिला लिंडी हॉप जड जात नाही.

शिकवणीत जोडीदार दर दोन मिनिटांनी बदलतात. अनोळखी माणसाचा हात धरायचा नसेल तर हसून “नो, थँक यू” म्हणा आणि कडेला उभे राहा. कारण द्यावं लागत नाही. कुणी जबरदस्ती केली तर तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगा.

९. खाणं

रेशनच्या काळाची आठवण म्हणून गमतीचे पदार्थ ठेवतात. स्पॅम म्हणजे डब्यातलं डुकराचं मांस. वूल्टन पाय हा तेव्हाच्या अन्नमंत्र्याच्या नावानं ओळखला जाणारा, बटाटा, गाजर, फ्लॉवर घातलेला पदार्थ. नाव ऐकून शाकाहारी लोक खूश होतात. थांबा. वरचं आवरण कसल्या चरबीत केलं आहे आणि ग्रेव्ही कशाची आहे, हे विचारा. ‘व्हेजिटेबल पाय’ असं लिहिलेलं असलं तरी पारीत गाईची चरबी असू शकते. जेलीत जिलेटिन असतं.

गंमत म्हणजे युद्धकाळातल्या नोंदणीकृत शाकाहारी ब्रिटिशांना मांसाच्या वाट्याऐवजी जास्तीचं चीज मिळे. चहा मात्र मोजूनच, मोठ्या माणसाला बहुतेक काळ आठवड्याला दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. आमच्या घरी तेवढ्यात बुधवार उजाडला नसता.

थोडं खाऊनच निघा.

१०. परतताना

शुक्रवार-शनिवार असेल तर ज्युबिली लाइनवर रात्रभर मेट्रो असते आणि ती वेस्टमिन्स्टरला थांबते. इतर दिवशी शेवटची गाडी आधीच बघून ठेवा. कोट ठेवायच्या जागी शेवटी मोठी रांग लागते, शेवटच्या गाण्याच्या एक गाणं आधी निघा.

घरी गेल्यावर व्हिक्टरी रोल ओढून सोडू नका. त्यावर अर्धी बाटली स्प्रे असतो आणि आकडे आत हरवलेले असतात. आधी खोबरेल तेल कोमट करून केसांना चोळा, दहा मिनिटं थांबा, मग एकेक आकडा काढत मोजत जा. मी तेवीस लावले होते. बावीस सापडले. तेविसावा सकाळी उशीवर मिळाला.